पिवळा दिसतो तो दिवा पिवळाच असतो असे नाही: देवगड तालुक्यातल्या एका प्रकाशदालनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

विजयदुर्गच्या वाटेवरच्या एका गावात आंब्याची पॅकिंग शेड आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगलोरी कौले. मार्च ते मे पेट्यांनी भरलेली, जून लागला की रिकामी. मुंबईत कलाशिक्षण घेऊन गावी परतलेल्या एका चित्रकर्तीने ही शेड ऑगस्टमधल्या एका आठवड्यासाठी मागून घेतली. तिच्या मनात होते एक दालन, ज्यात फक्त एकाच तरंगलांबीचा, म्हणजे एकाच नेमक्या छटेचा, पिवळा उजेड असेल. आत पाऊल टाकले की साडीचा, शर्टाचा, हाताच्या कातडीचा, सगळ्यांचा रंग जायला हवा. उरायला हवे ते फक्त फिके आणि गडद.

ही कल्पना जगात नवी नाही. ओलाफुर एलियासन या कलावंताने १९९७ मध्ये एकरंगी पिवळ्या दिव्यांची खोली केली, आणि २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये सुमारे दोनशे एकवर्णी दिव्यांचा अर्धगोल लावून, छताला आरसे बसवून, पुरा सूर्य उभा केला. त्याआधी १९६५ पासून कार्लोस क्रूझ-दिएझ हा व्हेनेझुएलाचा कलावंत लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या खोल्या करत होता. अशा कामांत प्रकाश हेच साहित्य असते. भिंतीवर रंग लावायचा नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यावर थेट काम करायचे. म्हणूनच इथे विज्ञान सजावटीपुरते ठेवून चालत नाही. भौतिकशास्त्र चुकले तर कलाकृतीच उभी राहत नाही.

कोकणात हे दालन करण्यामागे कारण होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गवरून गेला होता. सूर्याच्या वर्णपटात, म्हणजे उजेड फाकल्यावर दिसणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या शेजारी जी तिसरी पिवळी रेषा सापडली, ती हेलियमची. विजयदुर्गला १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून साजरा होतो, आणि किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' त्या ग्रहणाशी जोडून दाखवले जातात. चित्रकर्तीला मोठ्या दालनात सोडियमचा पिवळा आणि शेजारच्या लहान खोलीत हेलियमचा पिवळा दाखवायचा होता. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, हेलियमची ५८७.६ ला. डोळ्याला दोन्ही एकच पिवळे.

काम किल्ल्यातच करावे असेही सुचवले गेले होते. पण किल्ला संरक्षित स्मारक आहे, परवानगीला महिने लागले असते, आणि ऑगस्टच्या झडीत तटावर विजेची उपकरणे ठेवणे धोक्याचे. तो विचार पहिल्याच बैठकीत मागे पडला.

चमूत चित्रकर्ती, कॉलेजातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक (सगळे त्यांना सर म्हणत) आणि गावचा वायरमन. ग्रामस्थांची एक समिती मदतीला होती.

अडचण

चित्रकर्तीने रस्त्यावरचे जुने सोडियम दिवे जमवले. १५० वॅटचे सहा, चोक आणि इग्नायटरसकट. रस्त्यावर ते पिवळेच दिसत. भंगारवाल्याच्या अंगणात एक लावून पाहिला तेव्हा मधल्या मिनिटभरात लाल बादली खरोखर करडी दिसली. त्यावर भरवसा ठेवून सहाही घेतले.

शेडमध्ये रंगीत तालीम झाली ती सावंतवाडीच्या लाकडी फळांवर. लाखेने रंगवलेली ही फळे कसोटीला उत्तम, कारण एकाच टोपलीत पिवळा आंबा, हिरवा पेरू, जांभळे वांगे, लाल मिरची आणि डाळिंब असतात, आणि रंग भडक असतात. दिवे पेटले तेव्हा आधी निळसर-पांढरा उजेड आला, मग गर्द पिवळा झाला आणि टोपली बेरंग झाली. मिरची काळपट. सगळे खूश. त्यानंतर दोन-तीन मिनिटांत उजेड सोनेरी होत गेला आणि रंग परत आले. पहिल्यांदा बोलला तो वायरमन: "सर, ही मिरची तर तांबडीच दिसता हा."

त्याचे बरोबर होते. आपल्याकडचे रस्त्यावरचे सोडियम दिवे उच्च दाबाचे असतात. पेटल्यावर नळीतला सोडियम हळूहळू बाष्प होतो. दाब कमी असतो तेवढ्या थोड्या वेळात तो जवळजवळ शुद्ध दोन रेषांचा उजेड देतो. दाब वाढला की रेषा पसरतात, वर्णपट हिरव्यापासून लालापर्यंत रुंद होतो, आणि नळीतलेच सोडियम बाष्प नेमका ५८९ चा उजेड शोषून घेते. म्हणजे पूर्ण तापलेल्या दिव्यात ज्या रंगासाठी तो आणला तोच मधोमध काळा पडलेला असतो. भंगारवाल्याकडची कसोटी खोटी नव्हती, ती फक्त चुकीच्या मिनिटाला घेतली होती.

दालन उघडायला पाच आठवडे उरले होते.

कोणते पर्याय होते

*आहेत त्याच दिव्यांवर पिवळा कागद लावणे.* समितीला हा सगळ्यांत सोपा वाटला. पण नाटकवाले वापरतात तो पिवळा फिल्टर निळा कापतो, लाल सगळा जाऊ देतो, आणि नडणारा रंग लालच होता. फक्त ५९० च्या आसपासचा दहा नॅनोमीटरचा पट्टा सोडणाऱ्या काचा प्रयोगशाळेत मिळतात, पण त्या नाण्याएवढ्या असतात आणि उजेड तिरका पडला की त्यांचा पट्टा सरकतो. खोलीभर उजेडाला त्या कामाच्या नाहीत.

*कमी दाबाचे सोडियम दिवे.* खरा इलाज हाच. युरोपात हे दिवे रस्त्यावर सर्रास होते, पण उत्पादन काही वर्षांपूर्वी थांबले. जुना साठा परदेशातून मागवता आला असता. त्यांना स्वतःचा वेगळा चोक लागतो, ते जवळपास आडवेच लावावे लागतात, आणि फुटले तर आत धातुरूप सोडियम असतो. पाणी लागले की सोडियम पेट घेतो हे दहावीच्या मुलालाही ठाऊक असते, आणि इथे तर कौलातून ठिबकणारी शेड. शिवाय पाच आठवड्यांत पार्सल सुखरूप येईल याचा भरवसा नव्हता.

*पिवळे एलईडी.* स्वस्त, बॅटरीवर चालणारे, पटकन मिळणारे. चित्रकर्तीने 'अंबर' नावाने विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे दोन नमुने मागवले. सरांनी दोन्ही ग्रेटिंगच्या, म्हणजे बारीक रेषांनी उजेडातले रंग वेगळे करणाऱ्या, फिल्ममधून पाहिले. पहिल्यात हिरव्यापासून लालापर्यंत सलग पट्टा दिसला. ती आतून निळी एलईडी आणि वर पिवळा लेप असलेली होती. दुसऱ्यात नारिंगी-पिवळा आखूड ठिपका, बाकी अंधार. ती खरी अंबर, सुमारे १५ ते २० नॅनोमीटर रुंदीची. डोळ्यांनी पाहता दोन्ही पट्ट्या सारख्याच पिवळ्या होत्या, आणि दोन्हींच्या पाकिटावर एकच शब्द छापलेला होता. खऱ्या अंबरखाली पेरू आणि वांगे बेरंग झाले, मिरची मात्र विटकरी राहिली. रंग नव्वद टक्के गेला होता. जो धक्का हवा होता तो उरलेल्या दहात होता.

*मिठाची ज्योत.* हा पर्याय सरांचा आवडता. स्पिरिटच्या दिव्याच्या वातीला मिठाचे पाणी लावले की ज्योत सोडियमच्या पिवळ्या रेषा देते, आणि शिरोड्याच्या मिठागराचे मीठ हाताशी होते. खाऱ्या हवेमुळे समुद्राकाठच्या स्वयंपाकघरात गॅसची निळी ज्योतही मध्येच पिवळी फडफडते, ती याच कारणाने. पण लाकडी वासे आणि गवताच्या उरलेल्या ढिगाऱ्याशेजारी उघड्या ज्योती ठेवायला वायरमनने साफ नकार दिला. त्याचे म्हणणे मान्य झाले.

*कॉलेजातले सोडियम दिवे.* पदवीच्या प्रयोगशाळेत न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग होतो, त्याला ३५ वॅटचा सोडियम दिवा लागतो. लोखंडी पेटी, एक खिडकी, आणि सोबत स्वतःचा जड ट्रान्सफॉर्मर. हा दिवा कमी दाबाचाच. जिल्ह्यातल्या कॉलेजांत मिळून असे बरेच दिवे धूळ खात होते आणि ऑगस्टमध्ये प्रयोग सुरू व्हायचे असतात, पण पहिल्या सत्रात सगळे एकदम लागत नाहीत. अडचण उजेडाची. पाचशे चौरस फुटांच्या शेडला असे चार-पाच दिवे पुरणारे नव्हते.

पहिला निर्णय: खोली लहान करणे

दिवा मोठा करता येत नसेल तर खोली लहान करावी, हे सरळ वाटते, पण चित्रकर्तीला ते स्वीकारायला वेळ लागला. तिच्या डोक्यातले दालन प्रशस्त होते. माणसे दूरवर करड्या सावल्यांसारखी दिसावीत अशी तिची कल्पना. आधी तिने आग्रह धरला की मोठी शेड अंबर एलईडीने उजळावी.

निर्णय टोपलीने केला. शेडच्या एका कोपऱ्यात एक सोडियम दिवा, दुसऱ्यात अंबर पट्टी, दोन्हीकडे सारख्या टोपल्या. सोडियमखाली मिरची आणि वांगे यांच्यात उरला तो आकाराचाच फरक. अंबरखाली मिरची ओळखू येत होती. समितीतल्या, विज्ञानाशी संबंध नसलेल्या लोकांना "कुठली टोपली मेली?" असे विचारले तेव्हा सगळ्यांनी सोडियमकडे बोट दाखवले. चित्रकर्तीने त्याच संध्याकाळी १० बाय १४ फुटांचे दालन आखले. अंबर पट्टी आत जाणाऱ्या बोळासाठी ठेवली, म्हणजे डोळा टप्प्याटप्प्याने सरावेल.

हा निर्णय आमच्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला. मोठे आणि जवळपास बरोबर, की लहान आणि पूर्ण बरोबर, असा प्रश्न आला की प्रकाशाच्या कामात दुसऱ्याचीच निवड करावी, कारण 'जवळपास' डोळ्याला लगेच कळते.

काय केले

भिंतींना चुन्याची सफेदी दिली. पांढरी भिंत उजेड परतवते आणि चार दिव्यांत खोली भरते. ऑइलपेंट टाळला, त्यात दिव्याची प्रतिबिंबे पडतात.

बाहेरचा उजेड अडवणे हे सगळ्यांत कष्टाचे काम ठरले. छपरात दोन काचेची कौले होती, आणि बाकीच्या कौलांच्या फटींतूनही दिवस आत येत होता. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतल्या पिवळ्यापेक्षा शेकडो पट असतो. त्यातला अंशही आत आला की लाल परत दिसतो. पहिल्यांदा निळी ताडपत्री ताणली ती दिवसा निळी झळकू लागली. मग काळी, दुहेरी, वाशांच्या खाली एक वीत अंतर सोडून बांधली. अंतर न सोडता बांधली असती तर गळणारे पाणी ताडपत्रीच्या पोटात साचून नेमके दिव्यावर आले असते. ताडपत्रीला एका बाजूला उतार देऊन पाणी पन्हळीत काढले. दरवाज्याला दोन वळणांचा बोळ आणि दोन काळे पडदे.

चार दिवे चार कोपऱ्यांत, छातीएवढ्या उंचीवर, खिडकी भिंतीकडे वळवून ठेवले, म्हणजे उजेड भिंतीवरून परतून येईल आणि दिवा कुणाच्या डोळ्यात जाणार नाही. प्रत्येक पेटीखाली लोखंडी ट्रे आणि वर पत्र्याची टोपी. दिवा फुटलाच तर सोडियम ओल्या जमिनीवर पडू नये म्हणून. जवळ कोरड्या वाळूची बादली. पाण्याची बादली जाणूनबुजून दूर.

विजेचे काम वायरमनने मनापासून केले. ३० मिलीअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच, आणि कोळसा-मीठ घालून नवा अर्थिंगचा खड्डा. खरा पेच होता लाइट जाण्याचा. पावसाळ्यात ती दिवसातून दोन-चारदा जाणार हे धरूनच चालावे लागते, आणि सोडियम दिवा विझला की पुन्हा पूर्ण उजेडावर यायला बरीच मिनिटे घेतो. चार दिवे म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या तोट्यासकट दोनशे वॅट, म्हणून समितीने घरचा लहान, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर आणला. ट्रान्सफॉर्मर घुमू लागले आणि तापले. या दिव्यांचा पॉवर फॅक्टर वाईट असतो, म्हणजे वॅटवरून वाटतो त्यापेक्षा बराच जास्त प्रवाह ते ओढतात. दोनशे वॅटला पाचशेच्या आसपास व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) लागतात. इन्व्हर्टर घेताना वॅट बघून फसायला होते. शेवटी १४०० व्हीएचा साइन लहरीचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या भाड्याने घेतल्या. तरीही पहिल्या चाचणीत लाइट जाताच दोन दिवे विझले. इन्व्हर्टरमागचे बटण साध्या स्थितीत होते, त्यात लाइटवरून बॅटरीवर जायला लागणारा क्षणही या दिव्यांना जड जातो. ते यूपीएस स्थितीवर केल्यावर चारही टिकले.

अंबर पट्टी २४ व्होल्टची, तीही त्याच बॅटऱ्यांवर. पण चार्जिंग चालू असताना बॅटरी २८ व्होल्टच्या आसपास जाते. तेवढ्यावर पट्टी तापते, आणि अंबर एलईडी तापली की उजेड बराच पडतो आणि रंगही किंचित लालाकडे सरकतो. मध्ये व्होल्टेज उतरवणारे मॉड्यूल घालून २४ वर बांधून टाकले. पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत चिकटवली.

दालनात काय ठेवायचे यावर मतभेद होता. सरांना प्रत्येक वस्तूखाली माहिती हवी होती, चित्रकर्तीला काहीच नको होते. ठरले असे की पिवळ्या खोलीत एकही शब्द नाही. फळांची टोपली आणि सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, एक जोड, एवढेच. या जोडात १२० पाने असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि चित्राइतकीच पानाच्या रंगीत जमिनीनेही ती ओळखली जातात. पिवळ्यात जमिनी एकसारख्या होतात. मग खेळणाऱ्याला मत्स्य, कूर्म, वराह ही चिन्हे बघून पाने लावावी लागतात. जुन्या खेळाडूंना हे फार आवडले, ते जमिनीवर बसून पाने लावत राहत आणि रांग अडे. बाहेर पडण्याच्या जागी दोरीला एक लहान पांढरी टॉर्च टांगली. तिच्या वर्तुळात डाळिंब एकदम लाल होऊन उठते, वर्तुळाबाहेर अर्धे डाळिंब काळेच. मोबाइलचा फ्लॅश मात्र सगळ्यांचे सरावलेले डोळे मोडतो, म्हणून फोन दारावरच्या खोक्यात.

हेलियमची खोली

इथे अडचण वेगळ्या जातीची होती. हेलियमची वर्णपट-नळी कॉलेजातून मिळाली. तिला सुमारे ५००० व्होल्ट लागतात, आणि ती सलग लावून ठेवायची नसते: तीस सेकंद चालू, तीस सेकंद बंद. नळी गुलाबीसर दिसते, पिवळी नाही, कारण हेलियमच्या ४४७.१, ५०१.६, ५८७.६, ६६७.८ अशा अनेक रेषा एकत्र मिसळतात. लोकांना पिवळी रेषा दाखवायची तर वर्णपटदर्शक हवा, आणि १८६८ चा सगळा मुद्दा कळायचा तर ती रेषा सोडियमच्या जागी नाही हेही दिसायला हवे. फरक फक्त १.४ नॅनोमीटरचा.

वर्णपटदर्शक असा केला: पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटरचा तुकडा, एका टोकाला फट, दुसऱ्याला ग्रेटिंगची फिल्म. पहिल्या पाइपात मिलिमीटरला ५०० रेषांची फिल्म आणि कटरने कापलेली फट. दोन पिवळ्या एकात एक मिसळल्या. हिशेब केला तर ५०० रेषांच्या फिल्ममध्ये दोन रेषांतले कोनीय अंतर जेमतेम अडीच कलांचे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि फट अर्धा मिलिमीटर असली तर तिचीच रुंदी पावणेसहा कला. दिसणार कुठून? १००० रेषांच्या फिल्मने अंतर सहा कलांवर गेले. फटीसाठी दाढीच्या ब्लेडची दोन पाती समोरासमोर चिकटवली आणि चिकटवताना मध्ये झेरॉक्सचा कागद धरला. ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, त्यापेक्षा चांगले माप गावात मिळत नाही. फटीच्या वरच्या अर्ध्यासमोर सोडियमने उजळलेले पांढरे पुठ्ठ्याचे कार्ड, खालच्या अर्ध्यासमोर हेलियमची नळी. आता वर एक पिवळी रेषा आणि खाली तिच्याजवळच, किंचित हिरव्याच्या बाजूला सरकलेली दुसरी. चाळिशीचा चष्मा असणाऱ्यांना तो लावूनच बघायला सांगावे लागले, फट हातभरावरच असते.

हजारो व्होल्टच्या विजेला खारी दमट हवा मानवत नाही. पहिल्या संध्याकाळी नळीच्या टोकाच्या क्लिपांशी चरचर आवाज आणि निळसर झळक. क्लिपा आणि काच स्पिरिटने पुसली, सगळे ॲक्रिलिकच्या पेटीत बंद केले, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि खाली पत्र्याच्या डब्यात ४० वॅटचा बल्ब, पावसाळ्यात कपाटात बुरशी येऊ नये म्हणून घरोघरी ठेवतात तसाच. पेटीचे दार उघडले की पुरवठा तुटेल असा स्विच बसवला.

दुसरा निर्णय: फलकावर काय लिहायचे

गावात सांगतात ते असे, की इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्गच्या कट्ट्यावरून हेलियम शोधला. समितीने तसा फ्लेक्स छापूनही आणला. नोंदी वेगळे सांगतात. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, त्यांनी सूर्याच्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या आणि ग्रहण नसतानाही त्या दिसतील हे ओळखले. लॉकियर यांनी ग्रहणाशिवाय त्या रेषा पाहिल्या त्या २० ऑक्टोबर १८६८ ला, इंग्लंडमधून. पृथ्वीवर हेलियम हाती लागला १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांना, क्लेव्हाइट या खनिजातून.

फ्लेक्स जसाच्या तसा लावावा, म्हणजे वाद नको, असे काहींचे मत होते. चित्रकर्तीने ते मानले नाही. ज्या खोलीत १.४ नॅनोमीटरचा फरक दाखवायला इतका आटापिटा केला, त्याच खोलीच्या दारावर दोन महिन्यांचा आणि हजारो मैलांचा फरक पुसायचा, हे तिला पटेना, आणि तिचे बरोबर होते. नव्या फलकावर नोंदींचा क्रम आधी आला. त्याखाली ग्रहणपट्टा विजयदुर्गवरून गेल्याचे आणि कट्ट्यांबद्दल गावात काय सांगितले जाते ते, 'सांगितले जाते' याच शब्दांत. समितीतले दोन ज्येष्ठ नाराज झाले आणि उद्‌घाटनाला आले नाहीत.

परिणाम

पिवळी खोली चालली. लाइट रोज गेली, दिवे एकदाही विझले नाहीत. शाळेची मुले एकमेकांचे गणवेश बघून ओरडत, मोठी माणसे आपले हात बघत. पडवीत बाहेर आल्यावर थोडा वेळ पांढरे सगळे निळसर दिसते, हा डोळ्याच्या सरावाचा परिणाम. त्यासाठी पडवीची भिंतही पांढरी ठेवली होती आणि तिथे बसायला बाक. दोघा-तिघांना आत गरगरले, त्यांना त्या बाकाचा उपयोग झाला. रंगांधळेपण असलेल्या एका तरुणाने सांगितले की आत त्याला आणि त्याच्या भावाला पहिल्यांदा एकच टोपली दिसली.

हेलियमच्या खोलीला अर्धेच यश मिळाले. एका संध्याकाळी पाहुण्यांना नीट दिसावे म्हणून स्वयंसेवकाने नळी तीस सेकंद चालू करणाऱ्या टायमरचे बटण चिकटपट्टीने दाबून ठेवले. नळी बराच वेळ सलग चालली, इलेक्ट्रोडजवळची काच काळवंडली आणि उजेड मंदावला. उरलेले दिवस रेषा दिसत होत्या, पण अंधारात डोळे सरावल्यावरच.

वेगळे काय करता आले असते

दिवे विकत घेण्याआधी ग्रेटिंगची फिल्म घ्यायला हवी होती. ती काही रुपयांना मिळते, नसेल तर जुन्या सीडीवर दिव्याचे प्रतिबिंब तिरके बघितले तरी पट्टा आहे की रेषा हे कळते. आणि कुठलाही दिवा किमान दहा मिनिटे तापू द्यावा, मगच निर्णय घ्यावा. इथे सहा दिवे, चोक आणि वाहतूक यांचा खर्च वाया गेला.

फलकाचा मजकूर छापण्याआधी ज्येष्ठांशी बसून बोलायला हवे होते. कागद दाखवून बोलणे आणि छापून आल्यावर फ्लेक्स उतरवायला सांगणे, यात मानापमानाचा फार फरक पडतो. दोघांपैकी एक नंतर मुलांना घेऊन आले, पण समितीतली अढी राहिली.

हेलियमसाठी दोन नळ्या हव्या होत्या, आणि टायमर बटणावर अवलंबून नसलेला, आपोआप चालू-बंद होणारा. कुणाला थांबावे लागले तरी चालेल, पण नळीला विश्रांती मिळालीच पाहिजे, हे स्वयंसेवकांना कारणासकट सांगायला हवे होते. नुसता 'हात लावू नये' असा कागद कुणी वाचत नाही.

शेवटची गोष्ट दिवे परत करण्याची. समारोप संपताच घाईने चारही पेट्या टेम्पोत चढवल्या. सोडियम ९८ अंशांना वितळतो, दिवा गरम असताना हलवला किंवा आडवा केला की वितळलेला धातू नळीत भलत्या जागी जाऊन गोठतो. एका दिव्याची काच परत गेल्यावर एका बाजूने चंदेरी दिसू लागली आणि उजेड पूर्वीसारखा येईना. तो दिवा कॉलेजला भरून द्यावा लागला. बंद केल्यावर निदान तासभर थंड होऊ द्यावे, आणि गाडीत पेटी उभीच बांधावी.